गॅरेजमधली शाळा

बदलापूर हे नाव कशावरून पडलं, असं तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारलं तर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. सुरतेच्या वाटेनं जाणारे-येणारे स्वार आणि व्यापारी इथं थांबायचे, दमलेले घोडे बदलायचे आणि ताज्या घोड्यांवर पुढं निघायचे. घोडे बदलायचं गाव ते बदलापूर. व्युत्पत्तीच्या जाणकारांना हे कितपत पटेल ते असो, मला ही गोष्ट आवडते. कारण घोडे बदलायचे म्हणजे नुसती पागा असून भागत नाही. तिथं चारापाणी करणारा लागतो, खोगीर शिवणारा लागतो आणि नाल ठोकणारा तर लागतोच लागतो.

माझ्या आईच्या माहेरचं आडनाव नालबंद. जनावरांच्या पायांना नाल ठोकणं हा त्या घराण्याचा पिढीजात धंदा. माझ्या लहानपणी घोडे गेले होते, बैल उरले होते. आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, एक गोष्ट वरचेवर सांगायचे. खिळा सूतभर आत गेला तर जनावर तिथल्या तिथं लंगडत नाही. ते उठतं, चालू लागतं. मालक पैसे देतो आणि निघून जातो. लंगडणं सुरू होतं चार कोसांवर, आणि तिथं नालबंद नसतो.

आज मला बोलायचं आहे ते मोटारगाड्यांच्या दुरुस्तीबद्दल आणि ती करणारी माणसं घडतात कशी याबद्दल. पण या धंद्यातली सगळी गोम नानांच्या त्या बोलण्यात आहे. चूक एकाच्या हातून होते आणि लंगडतो दुसराच.

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात. रुळांच्या जोडीनं कल्याण-बदलापूर रस्ता धावतो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना किती गॅरेजं आहेत, हे मोजायचा मी एकदा रिक्षात बसून प्रयत्न केला आणि सोडून दिला. पत्र्याची शेड, पुढं तेलानं काळी पडलेली जमीन, टायरांची उतरंड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. यातला एकही माणूस अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेला नाही, बहुतेक जण आयटीआयतही गेलेले नाहीत. मग हे शिकले कुठं?

याचं उत्तर शोधायला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागं जावं लागतं. त्या युद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी वसवली. दोन हजारांवर बराकी होत्या. लष्कर म्हटलं की ट्रक आले, जीपा आल्या आणि त्या चालवणारे, उघडून पुन्हा जोडणारे हातही आले. अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना याच युद्धकाळात उभा राहिला. अशा कारखान्यांना आणि फौजेला कारागीर कमी पडू लागले, म्हणून सरकारनं १९४० साली तंत्रज्ञ तयार करायची एक योजनाच काढली. गवंड्याच्या, सुताराच्या, शेतकऱ्याच्या पोरांना काही महिन्यांत फिटर, टर्नर, मोटार मेकॅनिक बनवायचं. आपल्या खेड्यांतून मोटार दुरुस्त करणाऱ्याला अजूनही 'फिटर' म्हणतात, तो शब्द असाच कारखान्यांतून रस्त्यावर आला असावा.

युद्ध संपलं आणि फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या लहानपणापर्यंत जिवंत होता. डॉज, फोर्ड, शेवरोलेचे ट्रक आणि विलीसच्या जीपा व्यापाऱ्यांनी घेतल्या, रंग बदलले आणि मालवाहतुकीला लावल्या. त्याच सुमारास मुंबईत विलीस जीप जोडण्याचा धंदा ज्या कंपनीनं हाती घेतला, तिचं १९४५ सालचं नाव होतं महिंद्रा अँड महंमद. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा असं नाव आलं. एका पाटीवरचा एक शब्द बदलला, एवढंच. पण त्याच वेळी सिंधमधून लाखो माणसं पाटी, दुकान, घर सगळं मागं टाकून बोटीनं मुंबईला उतरत होती.

त्यांतल्या जवळपास एक लाख माणसांना कल्याणच्या या रिकाम्या बराकींमध्ये आणून ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कागदावर झालं म्हणा. तोंडात अजून 'कॅम्प'च आहे. कुठं राहता? चार नंबरला.

या माणसांकडं जमीन नव्हती. होती ती व्यापाराची नजर आणि हात चालवायची तयारी. बिस्किटांपासून रेडिओपर्यंत काय काय त्यांनी या बराकींमधून बनवलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हापासूनचा. त्यात हेटाळणी होती, पण थोडं कौतुकही होतं. परदेशी सुटे भाग मिळणं मुश्कील असलेल्या त्या काळात, जो भाग मिळत नाही तो लेथवर कातून देणारा माणूस गाडीमालकाला देवासारखा वाटे. नकली आणि पर्यायी यांच्यातली रेघ तेव्हा फार बारीक होती. आजही फार जाड झालेली नाही.

मी १९८५ साली दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीत अशाच एका गॅरेजात लागलो. अब्बा लॉरीवर ड्रायव्हर होते. पोरगा दोन महिने उन्हात भटकण्यापेक्षा चार पैसे आणील, एवढाच हिशेब. मालक सिंधी होते, त्यांना सगळे 'साईं' म्हणत. ते लहानपणी बोटीतून आलेले. हेड मेकॅनिक मालेगावचे, त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत, साईंसुद्धा. डेंटिंग करणारे दोघे कोल्हापूरकडचे. आणि खाली आम्ही पोरं. त्यांतला सर्वांत लहान दहा वर्षांचा होता. त्याचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक गॅरेजात एक 'छोटू' असतो, तसा तो छोटू.

भाषेच्या दृष्टीनं ती जागा म्हणजे मला मिळालेली पहिली मेजवानी. कार्बोरेटरचा 'कारबेटर', डिफरन्शियलचं 'डिफ्रन्सल', ओव्हरहॉलचं 'ओव्हरऑइल'. पाना नावानं नाही, नंबरानं मागायचा. "दहा-अकरा दे", "चौदा-पंधरा दे". एक शिवी मराठीत, पुढची सिंधीत, तिसरी कोणत्या भाषेत होती ते मला अजून कळलेलं नाही.

पुढं मी कवितेच्या नादाला लागलो आणि उर्दूतल्या उस्ताद-शागिर्द परंपरेबद्दल वाचलं, तेव्हा हसू आलं. शागिर्दानं गझल लिहायची, उस्तादानं ती तपासून एखादा शब्द बदलायचा, कारण मात्र द्यायचं नाही. आमच्याकडं हेच चालायचं, फक्त शब्दाच्या जागी बोल्ट असायचा. पहिला महिना नुसतं धुवायचं. सुटे भाग पेट्रोलच्या ताटलीत बुडवायचे आणि ब्रशनं घासायचे. मग पाने ओळखायचे. मग चाकं काढायची. इंजिनाला हात लावायला दोन-दोन वर्षं लागत. उस्ताद कधी बसवून शिकवत नसत. त्यांच्या हाताकडं बघत राहायचं. इंजिनाचं हेड बसवताना ते मधले नट आधी आवळत, मग तिरप्या क्रमानं बाहेर सरकत, तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांमध्ये. पॉइंटची फट ते सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यानं मोजत. टॅपेटचा आवाज ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत, डॉक्टरच्या नळीसारखी. आणि त्यांचं निदान सहसा चुकत नसे. काम झालं की काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून ते मालकाच्या सीटवर ठेवत. "देख लो, बदला है." पक्क्या बिलापेक्षा मला ती पद्धत आजही जास्त भरवशाची वाटते.

आता मला जे सांगायचं आहे, ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे.

मे महिन्याच्या शेवटी एका बेकरीचा मॅटाडोर ब्रेकच्या कामाला आला. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर उघडले होते. प्रत्येक सिलिंडरात छोट्या रबरी वाट्या असतात. पायानं पेडल दाबलं की तेलाचा दाब त्यांच्यावर येतो, त्या सरकतात आणि ब्रेकचे बूट ड्रमला घासतात. उस्ताद दुपारचे जेवायला गेले होते. माझ्यासमोर सुट्या भागांचा ढीग होता आणि माझं काम धुण्याचं होतं. मी लोखंडी भागांबरोबर त्या रबरी वाट्याही पेट्रोलात टाकल्या. चांगल्या तासभर. मग पुसून, ओळीनं मांडून ठेवल्या. त्या चकचकीत दिसत होत्या. जोडणी संध्याकाळी घाईत झाली, दुसऱ्या पोरानं केली. गाडी फिरवून पाहिली, ब्रेक लागत होते. बेकरीचा माणूस पैसे देऊन गाडी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे बदलापूरजवळच्या उतारावर त्या गाडीचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी विजेच्या खांबावर आदळली. ड्रायव्हर वांगणीकडचा, पंचविशीतला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो जगला, पण पुढं त्यानं कधी गाडी चालवली नाही.

उस्तादांनी सिलिंडर पुन्हा उघडले तेव्हा वाट्या फुगून, मऊ पडून, कडेनं फाटलेल्या निघाल्या. ते काही न बोलता बराच वेळ हातात घेऊन बघत होते. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता पाना येतो डोक्यावर. ते म्हणाले, "गलती मेरी है. मैंने बताया नहीं था." पोलिसांपुढं तेच उभे राहिले, दवाखान्याचे पैसे त्यांनी आणि साईंनी मिळून भरले. त्या वाट्या कुणी धुतल्या हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "उस्ताद, पेट्रोलनं काय होतं?" "रबर खराब होता है." "क्यों?" ते थोडे चिडलेच. "होता है. मेरे उस्ताद ने मना किया था."

त्यांना जे ठाऊक होतं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण ते 'का'शिवाय ठाऊक होतं, आणि 'का' नसलेली गोष्ट सांगायची राहून जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी तर राहतेच.

त्याच वेळी, तिथून चार-पाच किलोमीटरवर 'का' शिकवणारी शाळा भरत होती, हे मला फार उशिरा उमगलं. तिचा इतिहासही याच छावणीच्या इतिहासाला चिकटलेला आहे. युद्धात तंत्रज्ञ बनवायची जी केंद्रं निघाली, ती युद्धानंतर फौजेतून सुटलेल्या शिपायांसाठी आणि फाळणीनंतर निर्वासितांना हुन्नर शिकवण्यासाठी वापरली गेली. त्यातूनच १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली, म्हणजे आजच्या आयटीआय. १९५६ साली त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडं आला आणि त्याच वर्षी परीक्षा व प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय परिषद झाली. उल्हासनगरलाही शासकीय आयटीआय आहे, अंबरनाथलाही आहे. म्हणजे युद्ध आणि निर्वासित यांच्यापासून दोन शाळा जन्माला आल्या. एक सरकारी, भिंतीची. दुसरी पत्र्याच्या शेडमधली. एकाच आईच्या या दोन लेकी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

याचं साधं कारण दाराच्या उंचीत आहे. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी झालेल्यांसाठी, गणित-विज्ञान हवं. आमच्या गॅरेजातल्या सहा पोरांपैकी दहावीपर्यंत पोचलेला मी एकटा, आणि मी तर सुट्टीपुरता आलेला. बाकीची चौथी-सातवीत गळलेली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, पण तो मोठ्या कारखान्यांच्या मापानं बेतलेला. आजही ३० आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवरच शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती आहे. तीन माणसं आणि एक छोटू असलेल्या शेडला तो कायदा दिसत नाही. छोटूला जो कायदा लागू होता तो वेगळाच. १९८६ साली बालकामगारांविषयीचा कायदा झाला, त्याच्या यादीत पुढं मोटार गॅरेजंही आली आणि २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाच्या आतल्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावणं गुन्हा ठरलं. हे योग्यच झालं. दहा वर्षांच्या पोराच्या फुफ्फुसात रंगाचा फवारा जाताना मी पाहिलेला आहे. मात्र त्या पोराला शेडमधून काढल्यावर हुन्नर शिकवण्यासाठी कुठं न्यायचं, याचा विचार कायद्याइतक्या नेटानं झाला नाही.

अंबरनाथकडं तिसरीच तऱ्हा होती. आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांच्यामुळं तिथं मापानं काम करणाऱ्या कारागिरांची एक जात तयार झाली. आमच्या चाळीत असे एक काका होते. उस्ताद 'सूत' म्हणत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे काका 'थाऊ' म्हणत, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मायक्रोमीटर ते मखमलीच्या डबीत ठेवत, बायकोच्या दागिन्यांसारखा. रविवारी ते स्वतःच्या लँब्रेटाचं इंजिन चाळीच्या ओट्यावर उघडत आणि आम्हा पोरांना प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत. हेडचे नट मधून बाहेर का आवळायचे? कडेचे आधी आवळले तर पत्रा मधे फुगतो, हवा कोंडते, गॅस्केट नीट बसत नाही. मी उडालोच. उस्तादांच्या हाताचं व्याकरण कुणीतरी पहिल्यांदा मला समजावून सांगत होतं. पण हे काका कधी गॅरेजात गेले नाहीत आणि उस्ताद कधी चाळीत आले नाहीत.

मी गॅरेज सोडलं, बी.ए. झालो, नोकरी आणि कविता करत राहिलो. २०११ साली मराठी भाषा दिनाला एका आयटीआयत पाहुणा म्हणून बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर मोटार मेकॅनिक विभागाच्या सरांनी कार्यशाळा दाखवली. मी सहज ब्रेकच्या रबराचा विषय काढला. सर म्हणाले, "हे आम्ही पहिल्याच सत्रात दाखवतो." काचेच्या दोन बरण्या. एकीत पेट्रोल, दुसरीत ब्रेक ऑइल. दोन्हींत एकेक रबरी वाटी रात्रभर ठेवायची. सकाळी पेट्रोलमधली वाटी फुगलेली. "आणि सर, 'ब्रेक ऑइल' हे नावच फसवं आहे. ते ऑइल नसतंच मुळी. ग्लायकॉल असतं. नावाला भुलून पोरं त्यात इंजिनचं ऑइल टाकतात, मग पुन्हा तीच गत." एका बरणीचा प्रयोग! मी सव्वीस वर्षं ज्याचं ओझं वाहत होतो, ते दोन मिनिटांत काचेतून दिसण्यासारखं होतं.

तेवढ्यात मी एका विद्यार्थ्याला विचारलं, ब्रेकमधली हवा काढलीस का कधी? त्यानं वहीत सुबक आकृती दाखवली, बाण काढलेली, रंगवलेली. हात लावला होता का? नाही. सरांनी मान खाली घातली. कार्यशाळेत एक इंजिन स्टँडवर बसवलेलं होतं, तेही कधीकाळचं. चालती गाडी नव्हती. पोरांना कारण ठाऊक होतं आणि उस्तादांना कृती. मधे कल्याण-बदलापूर रस्ता होता.

जर्मनीत हा रस्ता ओलांडायची रीत जुनी आहे. तिथं मोटार मेकॅनिक व्हायचं तर साडेतीन वर्षं लागतात. आठवड्यातले बरेच दिवस गॅरेजात 'माइस्टर'च्या हाताखाली आणि एक-दोन दिवस शाळेत. माइस्टर म्हणजे उस्तादच, फक्त परीक्षा दिलेला. २००३ साली त्यांनी मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे धंदे एकत्र करून एकच केला, कारण गाडीतच ते वेगळे राहिले नव्हते. आपल्याकडंही अलीकडं आयटीआयत 'ड्युअल' पद्धत आली आहे, पण तिची सोयरीक कंपन्यांशी होते. पत्र्याच्या शेडला कुणी स्थळ म्हणून विचारत नाही.

दरम्यान गाड्याच बदलत गेल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्यासोबत कंपनीची अधिकृत सर्व्हिस स्टेशनं, गणवेशातले मेकॅनिक आणि जॉब कार्ड आलं. जवळच डोंबिवलीच्या प्रीमियरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनू लागली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली, गाड्या मात्र लोकांच्या दारात राहिल्या. अशा पोरक्या गाड्यांना अधिकृत सर्व्हिस स्टेशन नसतं, त्यांना गल्लीतला उस्तादच लागतो. मग धुराचे नियम कडक झाले, 'कारबेटर' गेला, इंजेक्शन आणि सेन्सर आले. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सेन्सरचा बिघाड ऐकू येत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्यावर तर स्कॅनरशिवाय बॉनेट उघडण्यात अर्थ उरला नाही. आणि तो स्कॅनर, ती माहिती, ते सुटे भाग कंपनीच्या दारातच मिळतात अशी स्थिती. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही घेतल्या. ग्राहकापुरतं ते चांगलं आहे. बाहेरच्या कारागिराला ती माहिती वाचता येईल का, हा वेगळा प्रश्न.

अधिकृत जागी काम चांगलंच होतं, असंही नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचं एअर फिल्टर बिलात तीनदा बदललं गेलं आणि गाडीत एकदाही नाही. जुना भाग मागितला तर काउंटरवरचा तरुण गोड हसून म्हणाला, "सर, ते स्क्रॅपला जातं." मला वर्तमानपत्रातलं ते पुडकं आठवलं.

एक दिवस मात्र असा आला की सगळी विद्या रस्त्यावर उतरली. २६ जुलै २००५. उल्हास नदी बदलापुरात शिरली, वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरात. पाणी ओसरल्यावर चिखलात बुडून निघालेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. प्रत्येक मालकाला पहिला मोह असा, की स्टार्टर मारून बघावा. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दोन-चार हजारांचं काम इंजिनाच्या किमतीवर जातं. उस्ताद तेव्हा साठीला टेकले होते. गुडघाभर चिखलातून ते गल्लीगल्लीत ओरडत हिंडले, "सेल्फ मत मारो! पहले प्लग खोलो!" प्लग काढायचे, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर फेकायचं, जुनं ऑइल सोडून द्यायचं, नवं भरायचं. यावेळी ते 'का' पण सांगत होते. पाणी दबत नाही, हवा दबते. मी मुद्दाम विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाले, "उस दिन के बाद से पूछता रहता हूँ सबको." 'उस दिन' म्हणजे कोणता, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

उस्ताद आता नाहीत. साईंचा मुलगा मोबाइलच्या धंद्यात आहे. शेड मात्र आहे, उस्तादांचा भाचा चालवतो. खंडेनवमीला तिथं अजून व्हाइसला आणि पान्यांच्या फळीला झेंडूचा हार पडतो. तो उस्तादांच्या वेळेपासून त्यांच्याच हातानं पडत आला, आता भाच्याच्या हातानं. भिंतीवर एक प्रमाणपत्रही आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन ते द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ नंतर झाली. भाचा म्हणतो, थोडे दिवसांचं प्रशिक्षण होतं, आधीच येत होतं तेच विचारलं. जे येत नाही ते शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या खंडेनवमीला मी गेलो तेव्हा कोपऱ्यात एक विजेवर चालणारी मोटार उभी होती. पुढचं बॉनेट उघडं, आत जाड नारंगी केबली. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होता. मला म्हणाला, "काका, नारंगी वायरला हात लावायचा नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"व्हिडिओत बघितलं. पण का ते नाही सांगितलं."

त्या केबलींतून तीन-चारशे व्होल्टचा करंट जातो, गाडी बंद असली तरी बॅटरी जिवंत असते, एवढं मला वाचून माहीत होतं, ते सांगितलं. तो करंट सुरक्षितपणे तोडायचा कसा, किती वेळ थांबायचं, मग कशानं तपासायचं, हे मला येत नव्हतं. भाच्यालाही येत नव्हतं. मी मुलाला म्हटलं, आयटीआयत आता विजेच्या गाड्यांचाही अभ्यासक्रम निघालाय, तिथं सरांना जाऊन विचार. तो म्हणाला, "जाईन की. पण ते दिवसा असतं ना, आणि मी दिवसभर इथं असतो."

भाच्यानं त्या गाडीच्या बॉनेटवर हार ठेवला, बॉनेट लावलं आणि मालकाला फोन करून सांगितलं की गाडी घेऊन जा, हे काम आमच्याकडं होणार नाही.